पिकअपचं ब्रेक पेडल मऊ लागतंय? मास्टर सिलिंडर बदलण्याआधी एवढं करून बघा

तीन वर्षांपूर्वी मी एक जुना पिकअप घेतला. वाशीच्या एपीएमसीतून भाजी उचलायची आणि ठाण्यात जांभळी नाक्याला उतरवायची, असा पहाटेचा धंदा. पहिले दोन महिने गाडीबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. मग एका पहाटे भरल्या गाडीने ऐरोलीच्या सिग्नलला ब्रेक मारला आणि पाय नेहमीपेक्षा चार बोटं खाली गेला. गाडी थांबली, पण पुढच्या टेम्पोच्या फाळक्यापासून माझा बंपर वीतभर लांब होता.

गॅरेजवाल्याने पेडल दोनदा दाबलं आणि निकाल दिला, "मास्टर सिलिंडर गेला, बदलून टाक." बदलला. मास्टर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर. पार्ट, ऑइल आणि मजुरी धरून साडेचार हजार गेले. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पाय परत तिथेच.

पुढच्या आठवड्यात कांदा-बटाटा मार्केटबाहेर चहा पिताना नगरकडच्या एका जुन्या ड्रायव्हर काकांना हे सांगितलं. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. केबिनमध्ये चढले, हँडब्रेक तीन-चार दात ओढला, पेडल दाबून पाहिलं आणि खाली उतरले. "बस तू. दाब आता." पेडल वरच्या वर, टणक. "हँडब्रेक सोड. दाब परत." पेडल खाली. काका कप ठेवत म्हणाले, "मास्टरला कशाला शिव्या देतो रे पोरा? मागचे लायनर ड्रमपासून लांब गेलेत तुझे."

लायनर म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि त्याच्या आधी मी साडेचार हजार मोजून बसलो होतो. तेव्हापासून स्वतःच्या आणि ओळखीतल्या चार-पाच गाड्यांवर हेच करत आलोय, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतो. मी मेकॅनिक नाही. यातलं पाना लावायचं काम जमत नसेल तर गॅरेजमध्येच करून घ्या, पण दोष कुठे आहे हे शोधायचं काम प्रत्येक मालकाला जमतं.

हे सगळं पुढे डिस्क, मागे ड्रम आणि व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) असलेल्या पिकअपसाठी आहे. बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त या साधारण अशाच गाड्या. मोठ्या ट्रकचे एअर ब्रेक हा निराळा कारभार, त्याला यातलं काही लावू नका.

आधी एक गोष्ट

पेडल मऊ झालंय हे कळल्यावर "एवढी खेप टाकून येतो, मग बघू" करू नका. चालत्या गाडीत पेडल खाली गेलंच तर पटापट पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. एकदम ओढलात तर मागची चाकं घसरतात. आणि चावी फिरवून इंजिन बंद करू नका. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग गेलं, बूस्टरची मदतही दोन-तीन दाबांत संपली.

जवळ काय काय हवं

- जॅक आणि दोन स्टँड, ज्याला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही.
- चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे, आणि तिसरा ठोकळा पेडलखाली ठेवायला (का ते सातव्या पायरीत).
- निपलच्या (चाकाजवळचा, हवा काढायचा पोकळ स्क्रू) मापाचा रिंग पाना. फिक्स पान्याने निपलचे कोपरे मरतात. पाइपच्या नटासाठी फ्लेअर पाना.
- गंज सोडवायचा स्प्रे.
- निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, हातभर, आणि पाण्याची रिकामी बाटली.
- सीलबंद ब्रेक ऑइल, अर्धा ते एक लिटर. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो डॉट नंबर (ऑइलचा दर्जा) लिहिलाय तोच.
- टॉर्च, जुने सुती फडके, बादलीभर पाणी, हातमोजे.
- गाडीचं मॅन्युअल आणि आरसी. पार्ट घेताना चॅसिस नंबर लागतोच. एकाच मॉडेलला वर्षागणिक वेगळे सिलिंडर आलेले असतात, आणि नुसतं गाडीचं नाव सांगून आणलेला पार्ट दुसऱ्या फेरीला परत न्यावा लागतो.
- पेडल दाबायला एक माणूस, सांगितलेलं ऐकणारा.

१. पायाला काय सांगायचंय ते ऐका

"मऊ पेडल" ही एकच तक्रार वाटते, पण तिच्या चार तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीचं कारण वेगळं. इथे दहा मिनिटं घालवलीत तर पुढचे दोन दिवस वाचतात.

गाडी सपाट जागी लावा, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबून सोडा. बूस्टरमधला व्हॅक्यूम संपला की पेडल कडक होत जातं. आता ते दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल आपोआप थोडंसं खाली जाईल. नवखी माणसं इथेच घाबरतात आणि "बघ, बसतंय" म्हणून गॅरेज गाठतात. ते तसंच व्हायला हवं, त्याचा अर्थ बूस्टर ठीक आहे. बूस्टर किंवा व्हॅक्यूम पंप बिघडला तर पेडल दगडासारखं कडक होतं, मऊ होत नाही. डिझेल गाडीत व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, बऱ्याच पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. कडक पेडल असेल तर तिकडे बघा, हा लेख सोडा.

आता इंजिन चालू ठेवून चार तऱ्हा ओळखा.

पहिली, स्पंजी पेडल. पाय रबरी चेंडूवर ठेवल्यासारखा वाटतो, दाबाल तसं पेडल उसळतं. पंप केल्यावर वर येतं, थोडं कडकही होतं, पण उसळी पूर्ण जात नाही. हे लक्षण पाइपात हवा असल्याचं. पंप करूनही काडीचा फरक पडत नसेल आणि उसळी तशीच असेल, तर रबरी पाइप दाबाखाली फुगत असेल.

दुसरी, लांब पेडल. पाय बराच खाली जातो, पण जिथे थांबतो तिथे टणक थांबतो. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि टणक. माझी तक्रार ही होती. मागचे लायनर ड्रमपासून लांब गेले की आधी ती फट भरण्यातच ऑइल आणि पेडल दोन्ही खर्च होतात.

तिसरी, बुडणारं पेडल. पहिल्यांदा टणक लागतं. मग एकसारखा, मध्यम दाब अर्धा ते एक मिनिट धरून ठेवा. पाय हळूहळू फळीकडे जाऊ लागला, तर ऑइल कुठून तरी बाहेर जातंय किंवा मास्टर सिलिंडरच्या आत रबरी कपाच्या कडेने मागे सरकतंय.

चौथी गाडी उभी असताना सापडतच नाही. सकाळी ठणठणीत, पण कसारा किंवा माळशेज उतरताना अर्ध्या घाटात पेडल मऊ, आणि खाली चहा पिऊन झाला की परत ठीक. हे ऑइल उकळण्याचं काम. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ३ साधारण २०५ अंशांना उकळतं आणि डॉट ४ २३० अंशांना. तेच ऑइल ३.७ टक्के पाणी पिऊन बसलं की हे आकडे १४० आणि १५५ वर येतात. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवला की चाकांजवळच्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, ऑइल दबत नाही, म्हणून पाय खाली जातो. आपल्याकडची दमट हवा बघता दोन वर्षांनी ऑइल बदलावंच. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतण्याचा उद्योग मात्र करू नका, ड्रमला तडा जातो.

खड्ड्यातून गेल्यानंतरचंच पहिलं दाबणं लांब आणि नंतर सगळं ठीक, असंही होतं. घोडबंदर रोडवर रोज धावणाऱ्यांना हे लवकर कळेल. पुढच्या चाकाच्या बेअरिंगला प्ले आला की हेलकाव्यात डिस्क तिला दोन्हीकडून धरणाऱ्या पॅडना मागे ढकलते. चाक उचलून वर-खाली धरून हलवा.

२. बोनेट उघडा, ऑइल बघा

टाकीत पातळी कमाल आणि किमान खुणांच्या मध्ये हवी. थोडी खाली असली म्हणजे गळतीच, असं नाही. पॅड झिजतात तसं कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जास्त ऑइल मावतं आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. पण गेल्या महिन्यात भरलं आणि आज परत खाली, तर ते कुठेतरी जातंय.

रंग बघा. नवं ऑइल फिकट पिवळसर असतं. चहासारखं काळपट झालं असेल तर बदला, बाकी काही सापडो न सापडो. झाकणाच्या आतलं रबर फुगून वेडंवाकडं झालं असेल तर थांबा. कुणीतरी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलंय. "ब्रेक ऑइल" हे नाव फसवं आहे, ते खनिज तेल नसतं. त्यात चमचाभर खरं तेल गेलं तरी सगळे रबरी कप फुगतात, आणि मग मास्टर, कॅलिपर, मागचे लायनर ढकलणारे व्हील सिलिंडर, रबरी पाइप सगळंच बदलायची वेळ येते. जुनी गाडी विकत घेताना मी आता पहिलं हे झाकण उघडतो.

झाकण उघडण्याआधी भोवतीची धूळ पुसा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सुटतो.

३. गळती शोधा

टॉर्च घेऊन टाकीपासून चाकापर्यंत पाइपाचा माग काढा. बघायच्या जागा अशा. मास्टर आणि बूस्टरच्या सांध्याखाली रंग सुटलाय का? सुटला असेल तर मास्टर मागून गळतोय, आणि ते ऑइल बूस्टरच्या पोटात जात असल्याने जमिनीवर थेंबही दिसत नाही. चारही चाकांच्या आतल्या बाजूला टायरवर ओघळ आहे का? मागच्या ॲक्सलवरून जाणारा लोखंडी पाइप जिथे पट्टीने धरलाय तिथे गंज आहे का? उरण, न्हावा-शेवा बाजूला धावणाऱ्या गाड्यांत खाऱ्या हवेने पट्टीखालचा पाइप आधी सडतो, वरून चांगला दिसतो. पट्टी सोडवून बघा.

मागच्या चाकात ओल दिसली की एक घोळ होतो. ती ब्रेक ऑइलची आहे की ॲक्सलचं सील फुटून आलेल्या गिअर ऑइलची? बोटावर घ्या. गिअर ऑइल दाट असतं आणि उग्र वास मारतं, पाण्याने जात नाही. ब्रेक ऑइल पातळ, निसरडं, आणि पाण्याखाली हात धरला की निघून जातं. बादली त्यासाठी सांगितली होती.

४. हँडब्रेकची परीक्षा

काकांची. हँडब्रेक सोडून पेडल दाबा, पाय कुठे थांबला ते लक्षात ठेवा. मग हँडब्रेक तीन-चार दात ओढा आणि परत दाबा. पेडल एकदम वर आलं तर मागच्या लायनरची फट वाढलेली आहे. काही फरक नाही, तर मागचं सेटिंग ठीक आहे, पुढे चला. ज्या गाडीत हँडब्रेक मागच्याच लायनरवर चालतो तिथेच ही परीक्षा लागू, आणि पिकअपमध्ये बहुतेक तसंच असतं.

५. मागचा ड्रम उघडून बघा

पुढच्या चाकांना ठोकळे, मागची बाजू स्टँडवर, हँडब्रेक सुटलेला. ड्रम अडकला असेल तर बॅकप्लेटच्या (ड्रममागची पत्र्याची प्लेट) खाचेतून ॲडजस्टर आधी सैल करा, नाहीतर ड्रमच्या आत पडलेल्या कडेत लायनर अडकतो आणि तुम्ही उगाच हातोडा चालवता. आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, हवेच्या पाइपनेही उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

माझ्या गाडीचा ड्रम निघाला तेव्हा आतलं दृश्य असं: ॲडजस्टरचं दातेरी चक्र चिखलाने सिमेंट ओतल्यासारखं पक्कं झालेलं. पावसाळाभर विटाव्याच्या रेल्वेपुलाखालच्या पाण्यातून गाडी काढली होती, त्याचा प्रसाद. ॲडजस्टर हा आपोआप फट भरून काढणारा भाग, तोच अडकला की लायनर झिजत जातात आणि फट वाढत जाते. चक्र सुटं केलं, तारेच्या ब्रशने साफ केलं, आट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पुसटसं लावलं. नवा पार्ट शून्य.

तुम्ही तिथे असताना व्हील सिलिंडरचं रबरी टोपण नखाने किंचित उचला. आत जरा ओलसरपणा चालतो. थेंब बाहेर आला तर सिलिंडर गळका आहे, बदला, शक्यतो दोन्ही बाजूंचे. ऑइल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन, उन्हात वाळवून परत बसवणारे लोक मी पाहिलेत. वाळल्यासारखे दिसतात, तापले की आतलं ऑइल परत वर येतं आणि गाडी एका बाजूला खेचते. लायनर नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे.

सेटिंग करताना आधी हँडब्रेकची केबल ढिली करा. केबल ताणून फट कमी करणं ही सर्रास चालणारी चूक आहे. केबल आधीच ताणलेली असेल तर ॲडजस्टर जागेवर बसतच नाही. ड्रम घाला, चाक हाताने फिरवत ॲडजस्टर वाढवा, चाक घासून जड झालं की मागे घ्या, जेमतेम सुटं फिरेपर्यंत. पेडल दोन-तीनदा दाबून लायनर मध्यावर येऊ द्या, परत तपासा. दोन्ही बाजू सारख्या. केबल सगळ्यात शेवटी.

जाता जाता एक. जास्त माल भरता यावा म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत पाटा वाढवलाय का? मागच्या ॲक्सलजवळ एक दांडीवाला व्हॉल्व्ह असतो, गाडी किती दबली ते बघून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते तो ठरवतो. पाटे वाढवले की गाडी दबत नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि दीड टन माल असताना मागचा ब्रेक अर्धवट लागतो. पेडल याने मऊ होत नाही, पण गाडी थांबत नाही, आणि मालकाला दोन्ही सारखंच वाटतं.

६. रबरी पाइप

बहुतेक पिकअपमध्ये तीन असतात: पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या ॲक्सलला एक. एकाने पेडल जोरात दाबायचं, दुसऱ्याने पाइपावर हात ठेवायचा. कुठे फुगतोय, कुठे बारीक भेगा आहेत, ते लगेच कळतं.

अजून खात्री हवी तर पाइप दाबायचा चपटा, गोल कडांचा चिमटा मिळतो. तिन्ही पाइप दाबून पेडल दाबा. टणक झालं तर मास्टर शाबूत आहे. मग एकेक चिमटा काढत जा, ज्या चिमट्यानंतर पेडल मऊ होईल त्या चाकात दोष. तिन्ही दाबूनही मऊच असेल, तर मास्टर किंवा त्याच्या जवळची हवा. साध्या पकडीने किंवा ग्रिप प्लायरने पाइप दाबू नका, आतलं अस्तर फाटतं. आणि पाइप जुना, कडक झालेला असेल तर चिमटाही नको, सरळ बदला.

७. हवा काढणं

काहीही उघडलं असेल, सिलिंडर, पाइप, कॅलिपर, तर हवा काढावीच लागते. आणि न उघडता हवा आत आली असेल तर ती कुठून आली ते आधी शोधा, नाहीतर महिनाभराने परत हेच.

बहुतेक गाड्यांत मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे स्टिअरिंग आणि मास्टर उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा. त्या दांडीवाल्या व्हॉल्व्हला निपल असेल तर तीही सोडू नका.

निपलवर आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा. निपल तुटली तर दिवस गेला. इंजिन बंद. नळीचं एक टोक निपलला, दुसरं बाटलीत थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडलेलं, म्हणजे हवा परत ओढली जाणार नाही.

माझा भाचा पेडलवर बसतो. आमचे शब्द ठरलेले आहेत. मी "दाब" म्हणतो, तो दाबून "दाबलं" म्हणतो. मी निपल पाव फेरा सोडतो, नळीतून बुडबुडे येतात, त्याचा पाय खाली जातो. मी निपल बंद करतो आणि मगच "सोड" म्हणतो. निपल बंद होण्याआधी त्याने पाय उचलला की हवा उलटी आत, सगळं पहिल्यापासून. पहिल्या दिवशी आम्ही नुसतं "हं... हं" करत होतो आणि तासभर बुडबुडेच काढत बसलो.

पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, पाय फळीपर्यंत जाऊ नये इतका. रोजच्या वापरात मास्टरचे कप ठरावीक टप्प्यातच सरकतात. त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षं गंजत असतो. हवा काढताना पेडल पूर्ण खाली मारलं की कप त्या गंजावर घासून फाटतात, आणि चांगला मास्टर त्याच दुपारी बुडायला लागतो.

दर पाच-सहा दाबांनी टाकी बघा. टाकी रिकामी झाली की मास्टरमध्येच हवा शिरते. नवी बाटली हलवू नका, त्यानेही बारीक बुडबुडे होतात. काढलेलं ऑइल परत वापरायचं नाही, गटारात ओतायचं नाही. बाटलीत भरून जुनं इंजिन ऑइल घेणाऱ्या गॅरेजला वेगळं द्या.

निघालेलं ऑइल नव्यासारखं दिसेपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत प्रत्येक चाकाला हेच. निपल आवळताना ताकद लावू नका, ती बारीक आणि पोकळ असते. रबरी टोपी परत लावा.

एवढं करूनही पेडल स्पंजीच? पुढच्या कॅलिपरच्या निपला वरच्या टोकाला आहेत का बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल करून बसवला की निपल खाली येते आणि हवा वरच अडकते. ओळखीतल्या एका गाडीत हे निघालं, तोवर दोन गॅरेजांनी तीन वेळा ऑइल बदललं होतं. गाडीला एबीएस असेल तर त्याच्या युनिटमध्ये अडकलेली हवा काढायला स्कॅनर लागू शकतो. तिथे आपले हात थांबवा.

८. आता मास्टर सिलिंडर

बाहेर कुठेही गळती नाही, हवा नाही, मागचं सेटिंग ठीक, तिन्ही पाइप दाबूनही पेडल बुडतंय. मग मास्टर. आता खुशाल बदला.

फक्त रबरी किट टाकायचं की पूर्ण सिलिंडर, हा वाद प्रत्येक गॅरेजमध्ये होतो. आतली भिंत आरशासारखी असेल तर किट चालतं. नखाला ओरखडा लागला तर किट पंधरा दिवसांचं. मी पूर्णच घेतो. नवा मास्टर गाडीवर चढवण्याआधी बाकावर शिकंज्यात धरून, ऑइल भरून त्यातली हवा काढायला सांगा. हे टाळलं की हवा काढताना लिटरभर ऑइल जातं आणि पेडल तरी अर्धंच येतं.

जुना पार्ट मागून घ्या, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. तिथे ब्रेक तपासतात. जुनी बिलं फाइलला असली की मागच्या वेळी कोणत्या चाकात काय केलं ते डोक्यात ठेवावं लागत नाही.

९. रस्त्यावर काढण्याआधी

चाकांचे नट आवळलेले, टाकी कमाल खुणेपर्यंत, झाकण घट्ट. इंजिन चालू करून पेडल मिनिटभर जोरात धरा, कुणाला तरी चारही निपला आणि सांधे टॉर्चने बघायला सांगा. मग रिकामी गाडी, रिकामा रस्ता. मी रविवारी दुपारी वागळे इस्टेटच्या आतल्या गल्ल्यांत जातो. आधी चालण्याच्या वेगाने पाच-सहा वेळा थांबा, मग वीसने, मग चाळीसने. गाडी एका बाजूला खेचली तर परत मागे. पाण्यातून गेल्यावर ब्रेक कमी लागला पण पेडल टणकच असेल तर ड्रम ओला आहे, हलका पाय ठेवून थोडं चालवा, वाळतो.

घरी आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथलं सेटिंग घट्ट झालंय.

दोन दिवसांनी, माल भरण्याआधी, टाकीची पातळी परत बघा. मी टाकीवर चिकटपट्टी लावून पेनाने तारीख आणि पातळीची रेघ मारून ठेवतो. सध्याची रेघ मार्चमधली आहे, आणि अजून ऑइल तिच्याखाली गेलेलं नाही.